रिकामी फाइल

तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयाचा पदवीप्रदान समारंभ. फेब्रुवारीतली दुपार, साडेबाराची वेळ, मैदानावरच्या मांडवातून काळे गाऊन घातलेली मुले-मुली घोळक्याने बाहेर पडत होती. पाण्याच्या टाकीजवळ कडुनिंबाखाली एक गृहस्थ मुलीची फाइल सांभाळत उभे होते. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला पेन, चपलांवर धूळ. फाइल मरून रंगाची, रेक्झिनची, वर सोनेरी बोधचिन्ह. त्यांनी आधी रुमालाला हात पुसले, मग फाइल उघडली. आत पारदर्शक प्लास्टिकचा खिसा होता आणि खिशात काही नव्हते. त्यांनी दुसरी बाजू पाहिली. खिशात बोट घालून चाचपले. "अगं, यात काहीच नाही." मुलगी मैत्रिणींबरोबर फोटोसाठी उभी होती, तिथूनच म्हणाली, "असंच असतं पप्पा. सर्टिफिकेट काउंटरवर मिळतं." ते जरा थांबले आणि म्हणाले, "मग स्टेजवर सरांनी दिलं काय?"

तो प्रश्न काही केल्या पाठ सोडत नाही.

उत्तर तसे साधे आहे. प्रत्येक पदवी प्रमाणपत्राला स्वतःचा क्रमांक असतो आणि ते ज्याचे त्याला पोचल्याची सही नोंदवहीत घ्यावी लागते. विद्यापीठाकडून गठ्ठे येतात ते शाखेनुसार लावलेले. आता समजा, ४०० मुलांनी नोंदणी केली. प्रत्यक्षात येतात ३३०. त्यांतली वीसेक एसटी चुकली म्हणून उशिरा उगवतात आणि दिसेल त्या रांगेत घुसतात. एकाच वर्गात दोन रोहित पाटील असतात. एखादी मुलगी मैत्रिणीच्या लगेच मागे आपला नंबर यावा म्हणून तीन जागा पुढे सरकते. रांगेत एक माणूस इकडचा तिकडे झाला की त्याच्या मागच्या प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याची पदवी पडणार, आणि हे कोणाच्या ध्यानात येईपर्यंत पुढच्या दहा-बाराजणांनी घरची वाट धरलेली असणार. मग त्यांना फोन करा, परत बोलवा. एकाने तोवर हाती आलेल्या कागदाची घडी घालून खिशात कोंबलेली. एकदा हा घोळ निस्तरलेला माणूस पुन्हा मंचावर खरा कागद ठेवत नाही. म्हणून मंचावर फाइल आणि मागच्या वर्गखोलीत, कुलूप लावलेल्या कपाटाशेजारी टेबल टाकून, प्रमाणपत्र. काही ठिकाणी तर फाइलीसुद्धा मोजून पंचवीस-तीसच असतात. डावीकडून मंचावर चढतात, उजवीकडून उतरतात, पायऱ्यांपाशी उभा असलेला स्वयंसेवक त्या गोळा करतो आणि पडद्यामागून पुन्हा डावीकडे पोचवतो. त्या मानाने इथे फाइल घरी नेता येत होती, हे बरेच म्हणायचे.

वेळेचे गणितही याच कारणाने जुळते. एका विद्यार्थ्याला ८ सेकंद धरले तर ३३० मुलांना ४४ मिनिटे लागतात. तेच १५ सेकंद झाले की सव्वा तास उलटतो, पाहुणे घड्याळ बघू लागतात, मागच्या रांगांतले पालक जेवणाच्या दिशेने उठतात. ८ सेकंद साधायचे तर मंचाच्या पायरीवर कायम दोघेजण तयार उभे हवेत, एक मध्यभागी आणि एक उतरताना. नाव पुकारणाऱ्याने यादीवरून वाचायचे नाही, हा आणखी एक धडा. यादी आणि रांग जुळत नाहीत. त्यापेक्षा प्रत्येकाने आपले पूर्ण नाव देवनागरीत लिहिलेली चिठ्ठी हातात ठेवायची, पायरी चढताना ती निवेदकाला द्यायची आणि निवेदकाने ती वाचायची. रांग कशीही लागो, नाव चुकत नाही. आणि ज्याचे आडनाव आयुष्यभर चुकीचे उच्चारले गेले आहे, तोही चिठ्ठी देताना हळूच "लांडगे नाही सर, लोंढे" असे सांगू शकतो.

आदल्या दिवशीच्या रंगीत तालमीत फाइल कशी घ्यायची हेही शिकवतात. डाव्या हातात फाइल, उजव्या हाताने हस्तांदोलन, नजर कॅमेऱ्याकडे, एक क्लिक, पुढे. फोटोग्राफरच्या दृष्टीने हे बिनचूक आहे. पण काहीही घ्यायचे ते उजव्या हाताने, आणि मोठ्यांकडून घ्यायचे तर दोन्ही हातांनी, हे ज्या मुलांच्या अंगात मुरले आहे त्यांचा डावा हात ऐन वेळी पुढे होतच नाही. तालमीत सगळे बरोबर करतात. दुसऱ्या दिवशी, नाव पुकारले गेल्यावर, निम्मी मुले दोन्ही हात पुढे करतात. प्राचार्यांचा हस्तांदोलनासाठी पुढे आलेला हात हवेत राहतो. काही मुली थेट वाकून नमस्कार करतात आणि डोक्यावरची ती चौकोनी टोपी पाहुण्यांच्या बुटांवर पडते. मग हसू, मग टोपी उचलणे, मग फोटो. गेले १५ सेकंद. आयोजक कपाळाला हात लावतात, पण अल्बममधले सगळ्यांत जिवंत फोटो तेच असतात.

गाऊनचे शास्त्र वेगळे. भाड्याचा माल शहरातून येतो, पॉलिस्टरचा, गठ्ठ्यांत बांधलेला, आधीच्या समारंभातल्या अत्तराचा आणि घामाचा वास धरून बसलेला. मापे तीन-चारच असतात आणि मधली मापे पहिल्या तासात संपतात. मग पाच फुटांची मुलगी सहा फुटी गाऊनची किनार हातात धरून पायऱ्या चढते. सगळ्यांत जास्त छळतो तो हूड, म्हणजे गळ्यातून पाठीवर सोडायचा रंगीत पट्टा. त्याच्या पुढच्या टोकाला कापडाचा छोटा फासा असतो. तो शर्टाच्या बटणात अडकवायचा, हा त्याचा मूळ हिशेब. साडीला बटण नसते. मग पाठीवरच्या वजनाने हूड मागे ओढला जातो आणि पाचव्या मिनिटाला गळ्याशी करकचू लागतो. उपाय एकच: मोठी सेफ्टी पिन, गाऊनच्या आतून, खांद्यापाशी दोन्हीकडे. अनुभवी महाविद्यालये गाऊन वाटपाच्या टेबलावर पिनांचा पुडा ठेवतात. टोप्या हवेत उडवायची चाल अमेरिकेतली. अॅनापोलिसच्या नौदल अकादमीत १९१२ साली पदवीधरांनी जुन्या टोप्या फेकल्या, कारण त्यांना आता अधिकाऱ्याच्या टोप्या मिळणार होत्या. आपल्याकडे टोपी भाड्याची असते, कोपरा दुमडला तर अनामत रकमेतून पैसे कापतात. त्यामुळे मुले "एक, दोन, तीन" म्हणून ती वीतभर वर करतात आणि लगेच झेलतात. रील तेवढ्यात होऊन जाते.

हा काळा झगा हवाच कशाला, असे दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी विचारते. २०१० मध्ये भोपाळला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी भर समारंभात तो अंगावरून काढून ठेवला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने हातमागाच्या कापडाचा आग्रह धरणारी पत्रे धाडली. पुण्यात गाऊन जाऊन उपरणे-पगडी आली, तेव्हा २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी पुणेरी पगडी का, फुले पगडी का नाही, म्हणून निदर्शने केली. सावित्रीबाईंच्या नावाच्या विद्यापीठात तो प्रश्न निघणारच होता. शांतिनिकेतनात पदवीबरोबर सातविणीची पाने देण्याची रीत पडली. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभाच्या जोडीने ग्रंथमहोत्सव भरतो, ग्रंथदिंडी निघते, पालखीत पुस्तके असतात. मला विचाराल तर ही दिंडी कुठल्याही पोशाखापेक्षा सरस. तीत चालायला गाऊनही लागत नाही आणि अनामतही.

मुंबई विद्यापीठाने १८६२ साली पहिल्यांदा बी.ए.ची पदवी दिली तेव्हा पदवीधर होते चार: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघांत कोणाचा कागद कोणाच्या हातात जाणार! विद्यापीठाचे स्वतःचे दीक्षान्त सभागृह तेव्हा उभेही नव्हते. ते पूर्ण झाले १८७४ मध्ये, सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून. ज्या गिल्बर्ट स्कॉटने त्याचा आराखडा केला, त्याने मुंबई कधी पाहिली नाही. लंडनमध्ये बसून नकाशे काढले. तिथल्या मोठ्या गोल खिडकीत रंगीत काचांच्या बारा राशी आहेत. समारंभ लांबला की त्या सभागृहात आपली रास शोधत बसण्याची सोय आहे, ती मांडवात नाही.

पदवीधराला आपण स्नातक म्हणतो. स्नातक म्हणजे ज्याचे स्नान झाले तो. गुरूच्या घरचे दिवस संपले की स्नान करायचे आणि आपल्या घरी परतायचे, ते समावर्तन. ज्या मराठी घरांत मुंज होते, तिथे याला सोडमुंज म्हणतात. आता गंमत अशी की सोडमुंज मुंजीच्याच दिवशी दुपारी उरकून टाकतात, नाहीतर मग थेट लग्नाच्या तोंडावर, मुहूर्त गाठायचा म्हणून. म्हणजे विद्या सुरू होण्याआधी किंवा संपून कैक वर्षे झाल्यावर. वेळेवर कधीच नाही. पदवीप्रदानाने हा वारसा इमानाने चालवला आहे. नियम २००८ पासून आहे, १८० दिवसांच्या आत पदवी द्यावी. पण निकाल, पुनर्मूल्यांकन, छपाई, सह्या, पाहुण्यांच्या तारखा असे करत करत उन्हाळ्यात सुटलेली मुले थेट हिवाळ्याच्या शेवटी मांडवात येतात. तोवर एक हिंजवडीत रात्रपाळी करतो, एक बी.एड.च्या पहिल्या वर्षाला, एक पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावतो, एकीच्या हातावर मेंदी असते. कोणाला रजा मिळत नाही. चारशेतले सत्तर येत नाहीत ते असे.

मग संपते कधी?

विज्ञान शाखेत बहुधा जर्नल पूर्ण होते त्या संध्याकाळी. उजवे पान रेघांचे, डावे कोरे, डाव्यावर पेन्सिलने आकृत्या. प्रमाणित जर्नल नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणून शेवटच्या आठवड्यात प्रयोगशाळेबाहेरच्या कट्ट्यावर पंधरा-पंधरा मुले एका पूर्ण जर्नलवरून उतरवून काढत असतात. वाचने इतकी सारखी येतात की परीक्षक पहिल्या तीन जर्नलांतच मूळ प्रत ओळखतो. मग पेपर. एप्रिल सरताना बहावा फुललेला असतो आणि बहाव्याखालून परीक्षेला जायचे असते. परीक्षागृहात पंख्याची घरघर, कोपऱ्यातला स्टीलचा पिंप, आणि पूर्वी असायचा तो पुरवणीचा पांढरा दोरा. पुरवणी मागितली की दोरा यायचा, शेवटच्या पाच मिनिटांत तो ओवायला हात थरथरायचे. आता बऱ्याच ठिकाणी बारकोडची, ठरावीक पानांची उत्तरपत्रिका असते; पुरवणी नाही, दोरा नाही. हातावर शाईचे डाग मात्र अजून तसेच. शेवटचा पेपर झाला की शाई शर्टांवर उतरते, पांढऱ्या शर्टावर सगळ्या वर्गाच्या सह्या घेतात. तो शर्ट पुढे कधी धुतला जात नाही, आणि घातलाही जात नाही.

निरोप समारंभ त्याआधीच होऊन गेलेला असतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये. साडी नेसलेल्या मुली, भाड्याचे ब्लेझर, समोसा आणि वेफर्सची कागदी ताटली. स्नेहसंमेलनातले फिशपाँड आता शिक्षक आधी चाळून घेतात. त्यामुळे त्यांतला डंख गेला. बरे झाले असेच म्हणायला हवे. डब्यातल्या त्या निनावी चिठ्ठ्यांनी अनेकींना रडवले आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने निरोपाचा आणखी एक घोळ करून ठेवला आहे. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत सुरू झालेल्या रचनेत तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथ्या वर्षाला थांबता येते. मग निरोप द्यायचा कोणाला आणि कधी? निम्मा वर्ग रडून झाल्यावर जूनमध्ये पुन्हा त्याच बाकावर येऊन बसणार.

खरा शेवट कागदोपत्री होतो आणि त्याला वाजंत्री नसते. त्याचे नाव 'नो ड्यूज'. एक अर्ज घ्यायचा आणि दारोदार फिरायचे. ग्रंथालयात दोन्ही कार्डे जमा करायची, दंड भरायचा. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत फुटलेल्या काचसामानाचा हिशेब; ब्युरेट फोडले असेल तर खिसा हलका होतो, परीक्षानळ्या सहसा माफ. जिमखाना, एनएसएस, वसतिगृह, शिष्यवृत्ती विभाग. शेवटी लेखा विभाग, तिथून अनामत परत. यात अडखळायचे ठिकाण नेहमी एकच असते: ज्यांची सही हवी ते परीक्षेच्या कामावर बाहेर गेलेले असतात. मुले कंटाळतात, गाव गाठतात, आणि अनामत तशीच राहते. म्हणून शेवटच्या पेपरच्या आधीच्या आठवड्यात ग्रंथालय आणि प्रयोगशाळा उरकून घ्याव्यात, हे दरवर्षी शिपाईमामा सांगतात आणि दरवर्षी कोणी ऐकत नाही. वसतिगृहाच्या फाटकाबाहेर त्या दिवसांत रद्दीवाल्याचा तराजू टांगलेला असतो. तीन वर्षांच्या नोट्स, झेरॉक्सचे गठ्ठे, कोणाच्या तरी अक्षरातले 'महत्त्वाचे' असे तांबड्या पेनाने लिहिलेले. बादली, गादी आणि इस्त्री ज्युनिअरला जातात. कॉइलची शेगडी चोरून वापरलेली असते म्हणून चोरूनच जाते. खोलीत उरतात भिंतीवरचे सेलोटेपचे पिवळे चौकोन.

आणि कागद? ज्याच्यासाठी ते गृहस्थ फाइलीच्या खिशात बोट घालून चाचपत होते, त्याच्यात पहिल्यांदा बघायची गोष्ट म्हणजे नाव. बारावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव प्रवेश अर्जात येते, तिथून पात्रतेच्या कागदांत, तिथून पीआरएनला, म्हणजे विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकाला, जोडले जाते, मग परीक्षा अर्ज, गुणपत्रिका आणि शेवटी पदवी. एखाद्या टायपिस्टने सुरुवातीला एक अक्षर गाळले असेल तर ती चूक सगळा प्रवास करून पदवीवर सोनेरी किनारीत येऊन बसते. 'म्हस्के'चे 'मस्के', 'शीतल'चे 'शितल', ज्ञानेश्वरच्या इंग्रजी स्पेलिंगचे तर पाच प्रकार. आईचे नाव आणि वडिलांचे नाव यांची अदलाबदल. मराठी ओळ बरोबर आणि इंग्रजी चूक, हेही असते, आणि परदेशी जायचे झाले की पासपोर्टशी न जुळणारी ती इंग्रजी ओळच आडवी येते. दुरुस्ती तिथल्या तिथे सांगितली तर निभावते. दहा वर्षांनी सांगितली तर मूळ प्रत परत करा, प्रतिज्ञापत्र आणा, शुल्क भरा, फेऱ्या मारा.

दुसरी गोष्ट, लॅमिनेशन करू नये. हे कितीही सांगितले तरी घरोघरी होते. आपल्याकडे जपायची वस्तू म्हणजे प्लास्टिकात गोठवायची वस्तू, आणि प्रेम जितके जास्त तितके प्लास्टिक जाड. पण पुढे परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद मानला जावा म्हणून सरकारी प्रमाणीकरण, करायची वेळ आली की शिक्का आणि स्टिकर मूळ कागदावर लागतो. लॅमिनेट केलेल्या कागदावर तो लावता येत नाही, आणि सोलायला जावे तर शाई आणि होलोग्रामही बरोबर येतो. साध्या फाइलीत, घडी न घालता, मध्ये कोरा कागद घालून पदवी ठेवावी, एवढेच पुरते. हल्ली पदवी डिजिलॉकरमध्येही दिसते आणि तिथली प्रत कायद्याने मूळ प्रतीइतकीच ग्राह्य आहे. फोनवर दोन बोटांनी मोठी करून बघता येते. पण दिवाणखान्यात येणाऱ्या पाहुण्याला ती दाखवायची कशी, याचे उत्तर डिजिलॉकरकडे नाही.

कडुनिंबाखालून ते दोघे आधी गाऊनच्या टेबलाशी गेले. पावती दाखवली, हूड आणि टोपी मोजून दिली, अनामत घेतली. गाऊन उतरल्यावर मुलगी एकदम लहान दिसू लागली. मग वर्गखोलीबाहेरची रांग. गुणपत्रिका, ओळखपत्र, नोंदवहीत सही. त्यांचा नंबर आला तेव्हा पावणेतीन वाजले होते, जेवणाचे कूपन त्यांच्या वरच्या खिशात तसेच होते. मुलगी नोंदवहीवर वाकून सही करत होती. कारकुनाच्या उजव्या हातात पेन होते, म्हणून त्याने मान वर न करता डाव्या हाताने प्रमाणपत्र पुढे केले. त्यांनी फाइल काखेत धरली आणि ते दोन्ही हातांनी घेतले. लगेच आत ठेवले नाही. खिडकीच्या उजेडाकडे वळले, आणि बोट न टेकवता, कागदापासून इंचभर वर बोट फिरवत, आधी मुलीचे नाव वाचले, मग तिच्या आईचे.